तांदळातलं नाव

"नीरजा, चहा टाकतेस का?"

निरंजन खिडकीशी बसले होते, मांडीवर पेपरातलं शब्दकोडं. घरात आम्ही दोघंच. मी शिलाई मशीनवरचा पाय उचलला, मागं पाहिलं, दाराकडेही पाहून घेतलं. तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे हाक मलाच होती.

"काय म्हणालात?"

"चहा गं. आलं घाल थोडं."

माझं नाव वृषाली. लग्नाआधी वृषाली, लग्नानंतरही वृषाली. मी आलं किसलं, गरजेपेक्षा जास्तच किसलं, आणि चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून विचार करत राहिले, की ही नीरजा कोण?

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत ताप चढला. माणूस वाचला, पण मधली कितीतरी वर्षं धुऊन गेली. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, त्याला सांगलीत आपलं घर कुठल्या गल्लीत आहे ते सापडेना. शाळेतले मित्र आठवत होते, मी मात्र 'ओळखीची वाटते' एवढीच होते. डॉ. तांबोळी म्हणाल्या होत्या, काही गोष्टी परत येतील, पण रांगेत येणार नाहीत. कुठली आधी, कुठली मागून, सांगता यायचं नाही. परत येणाऱ्या गोष्टींत एखादी बाई नसेल, असं त्यांनी काही लिहून दिलेलं नव्हतं.

आणि हाकेत काय माया होती! चुकून तोंडातून निसटलेलं नाव असं येत नाही. ते वापरून मऊ झालेलं होतं.

मी कप त्यांच्या हातात देऊन सहज विचारल्यासारखं केलं. "नीरजा कोण हो?"

ते हसले. "सकाळी सकाळी काय चेष्टा लावलीस."

आता याला चेष्टा म्हणत असतील तर आणखी काय विचारायचं? मी त्यांच्या जुन्या कचेरीतल्या बागवान भाऊजींना फोन लावला. आधी तब्येतपाणी, मग पाऊसपाणी, मग हळूच, "तुमच्या खात्यात नीरजा नावाच्या कोणी होत्या का?"

"नीरजा?" बागवान भाऊजी थांबले. मला ते थांबणं आवडलं नाही. "नाही बुवा. आमच्याकडं बाईमाणूस एकच, शेंडगेबाई. त्यांच्यापुढं निरंजनची पेन्सिलसुद्धा थरथरायची. का हो वहिनी?"

"काही नाही. एक जुना कागद सापडला," मी म्हटलं. खोटं बोलायला मला वेळ लागला नाही. संशयानं माणूस किती चटकन हुशार होतो!

तीन-चार दिवसांत त्यांच्या चपला, खिसे, फोन सगळं बघून झालं. शेवटी जेवताना मीच पोळी ताटात आपटून म्हटलं, "अहो, माझं नाव वृषाली आहे. नीरजा नाही."

त्यांनी माझ्याकडे फार समजुतीनं बघितलं. आजारी मी असल्यासारखं.

"वृषाली तुझं माहेरचं गं. सासरचं नीरजा. मीच तर लिहिलं, तांदळात. निरंजन-नीरजा. आई किती हसत होती!"

माझा घास हातातच राहिला. लग्नाच्या दिवशी माप ओलांडून आत आल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले होते, त्यांच्या हातात अंगठी दिली होती, हे खरं. सासूबाईंनी नीरजा नाव ठरवलं होतं, हेही खरं. पण यांनी ते लिहिलं नव्हतं. आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेल्या या माणसानं त्या ताटात माझं नाव लिहिलं होतं. वृषाली. मी ताटाच्या पलीकडे होते, मला ते उलटं दिसलं, पण दिसलं. सासूबाई तिथून उठून आत गेल्या. पुढं जन्मभर त्यांनी मला 'अगं' म्हटलं. दोन्ही नावं टाळायला तेवढाच शब्द त्यांना मिळाला असावा.

माझ्या संसारातले सगळे रुसवेफुगवे, सगळ्या तडजोडी मी त्या ताटाच्या भरवशावर केल्या होत्या. आम्हाला मूल नाही. त्यामुळे या आठवणीची दुसरी प्रत फक्त त्यांच्याकडे होती, आणि तीच कोणीतरी बदलली होती.

कोणी, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. लग्नाचा व्हिडिओ ते रोज बघत होते. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, रोज थोडी उजळणी करा, जुनं काही दाखवा. आमचा कॉम्प्युटर जुना, लग्नाचा व्हिडिओ त्याहून जुना, चुलत दिरानं हातातल्या कॅमेऱ्यावर घेतलेला. सुरुवातीला तो लावला की हाल. चित्र अडकायचं, आवाज पुढं पळायचा, अर्धा पडदा हिरवा व्हायचा. मला या यंत्रातलं कोणी शिकवलेलं नाही. विचारत, बिघडवत शिकले. बाकीच्या खिडक्या बंद करून पाहिल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, केबल बदलली, पडद्याचा ड्रायव्हर नवा टाकला, फाइल जुन्या डिस्कवरून काढून आत घेतली. अडखळणं कमी झालं, पण मधले तुकडे फुटायचे ते फुटायचेच. माणसांच्या तोंडांचे चौकोन व्हायचे. निरंजन वैतागून उठून जायचे.

मग माझी नणंद स्वरूपा पुण्याहून आली आणि तिनं 'अखंड' टाकलं. नवा प्लेअर. कसलाही व्हिडिओ द्या, न अडकता चालणार. नाव ऐकून मला हसू आलं होतं. आमच्यात अखंड म्हटलं की पुढं सौभाग्यच येतं. दुसऱ्या दिवसापासून चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. मी सकाळी लावून द्यायची आणि ब्लाउजांना हुक लावत बसायची. स्वतः एकदाही बसून बघितलं नव्हतं.

आता बसले.

मी माप ओलांडून आत आले. गुरुजी, समई, पाट, तांदळाचं ताट. सासूबाईंचा आवाज आला, "नीरजा लिही रे." निरंजनचा हात तांदळात फिरला, आणि ताटात सुरेख अक्षरांत उमटलं: नीरजा. कॅमेरा वर गेला. सासूबाई हसत होत्या. पदर सावरत, मान हलवत, तोंड भरून. त्यांच्याबरोबर राहिले त्या सगळ्या वर्षांत तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"बघ, बघ आता," शेजारी बसलेले निरंजन म्हणाले. "इथं आई फार गोड दिसते." त्यांनी मागं घेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा.

मी स्वयंपाकघरात जाऊन स्वरूपाला फोन लावला.

"स्वरूपाताई, आईंची हौस आता पुरवून घेतलीत का?"

"काय झालं वहिनी?"

"मला निदान सांगायचं तरी. माझं नाव माझ्याच घरात बदलायचं, तेही अशा वेळी, जेव्हा माणसाला खरं-खोटं कळत नाही."

"अहो, कसलं नाव? मी फक्त प्लेअर टाकून दिला. दादा चित्र अडकलं की उठून जायचा, आठवतंय ना? मी काय बसून व्हिडिओ कापत असते? मला पोह्याचा फोटो सरळ काढता येत नाही!"

हे मात्र खरं होतं. तिच्या फोटोंत माणसांची डोकी नसतात. तरी मी लगेच सोडलं नाही. "त्या दिवशी तुम्ही तिथं होतात. दादांनी काय लिहिलं होतं?"

"मी आत श्रीखंड वाढत होते वहिनी. आई तणतणत आत आली, एवढं आठवतंय. देवाशपथ, तेवढंच."

मग राहिला अखंडच. त्यांचा मदतीचा नंबर लावला, तर माणूस नव्हताच. गोड आवाजातलं यंत्र होतं, अगदी सालस सून.

"नमस्कार. आपला अनुभव अखंड राहो. मी कशी मदत करू?"

"व्हिडिओत नसलेलं दिसतंय."

"आपल्या फाइलमध्ये तुटलेला भाग होता. तो अखंडने भरून दिला आहे."

"कशानं भरलं? तुमच्याकडे खरा भाग होता का?"

"नाही. जे सर्वात संभवनीय, ते."

मी तिला खोदून खोदून विचारलं. बाकीचं नंतर स्वतः वाचून काढलं. ते साधारण असं. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मधून मधून एक पूर्ण चित्र ठेवतात, आणि पुढच्यांसाठी फक्त 'काय बदललं' तेवढंच लिहून ठेवतात. हात हलला, पदर सरकला, एवढंच. फाइल जुनी होऊन यातलं काही मेलं, की पुढच्या चित्रांना आधारच राहत नाही. मग चौकोन दिसतात. जुने प्लेअर तिथं थांबायचे, किंवा उडी मारायचे. नवे थांबत नाहीत. त्यांनी लाखो घरांतले लाखो व्हिडिओ पाहिलेले असतात, म्हणून मधे काय झालं असेल ते ते ओळखतात आणि काढून दाखवतात. आवाज वेगळा साठवलेला असतो, तो बहुतेक वेळा वाचतो. आमच्याकडे सासूबाईंचं 'नीरजा लिही रे' वाचलं होतं. हात तांदळात जाण्याआधीचं चित्र वाचलं होतं. मधलं मेलं होतं. अखंडनं लाखो लग्नं पाहिली होती. आईनं सांगितलं म्हणजे मुलानं लिहिलंच असणार. आणि मुलानं लिहिलं म्हणजे आई हसलीच असणार.

यंत्राची तरी काय चूक म्हणा. निरंजनना ओळखणाऱ्या कोणालाही विचारलं असतं, तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

डॉ. तांबोळींना मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली साडी नव्हे, वृषालीताई," त्या म्हणाल्या. "दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं विणतो आणि मग परत ठेवतो. तुमचं-माझंही तसंच. फक्त त्यांच्याकडे जुना धागा शिल्लक नाही. समोर जे दिसेल त्यानंच ते विणणार."

"मग ते बंद करू?"

"करा. पण एक सांगू का? आईचं ते हसणं बघून त्यांना झोप चांगली लागते, हे तुम्हीच मागच्या खेपेला सांगितलं होतं. ते काढून घेताना जपून."

माझ्या सासूबाई गेल्याचं त्यांना आजारानंतर नव्यानं सांगावं लागलं होतं. ते रडणं मी पाहिलेलं आहे. आता मला माझं नाव हवं होतं, तर त्यांच्या आईचं हसू जाणार होतं. दोन्ही एकाच तुटक्या तुकड्यात अडकलेलं.

वाट मात्र त्या सालस सुनेनंच दाखवली. "आपल्याला भरलेला भाग पसंत नसेल तर योग्य मजकूर सांगा. अखंड तसा भाग तयार करील." निरंजन अंघोळीला गेले तेव्हा मी कॉम्प्युटरपुढं बसले आणि टाइप केलं: तांदळात लिहिलेलं नाव, वृषाली.

चाक फिरलं, थांबलं. हात तांदळात गेला. वृषाली. अक्षर न अक्षर रेखीव. आणि कॅमेरा वर गेला, तर सासूबाई हसत होत्या. माझ्याच नावावर, तोंड भरून.

मी ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी माझ्या मनात आलं, की त्या खरंच थोड्या हसल्या होत्या का? उठून गेल्या त्या बहुतेक दूध उतू चाललं म्हणून. अशीच असेल ती गोष्ट. मी उगीच इतकी वर्षं...

न्हाणीघराची कडी वाजली तशी मी भानावर आले. निरंजनच्या डोक्यात तरी ताप चढला होता. मला काय झालं होतं? मी तो भाग पुसला. 'तुटलेला भाग भरा' ही खूणही काढून टाकली.

ते केस पुसत येऊन बसले. मी व्हिडिओ लावला. माप, गुरुजी, समई, ताट. हात तांदळाकडे गेला आणि चित्र फुटलं. ताटाचे चौकोन, हाताचे चौकोन, सासूबाईंच्या जागी एक हिरवट पट्टा.

"अडकलं बघ," ते म्हणाले. "परत बिघडवलंस वाटतं."

"बिघडवलं नाही. ते असंच आहे. इथं फाइल तुटलेली आहे. तुम्ही रोज बघायचात ते मशीननं आपल्या मनानं काढलेलं."

"आणि आई?"

मी व्हिडिओ थांबवला. "आई हसल्या नव्हत्या. उठून आत गेल्या होत्या."

"का?"

"तुम्ही नीरजा लिहिलं नाहीत म्हणून. वृषाली लिहिलंत."

त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. घडी घातली, मोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तू सांगतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं ते खोटं. तू सांगतेस ते खरं. मला तर दोन्ही आठवत नाही. तुझं आईशी पटत नव्हतं, हे मला स्वरूपानं सांगितलंय. आता मला सांग, मी कुणावर विश्वास ठेवू?"

इतके दिवस मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तीच नजर आता माझ्यावर आली होती. आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. फोटो नव्हता, ते ताट पाहिलेला साक्षीदार नव्हता. चुलत दीर वारला, गुरुजी कुठले होते तेही आठवत नव्हतं. मी फक्त 'वृषाली' होते, आणि ते तर कोणीही म्हणू शकतं.

"नका ठेवू," मी म्हटलं. "पण ते मशीनही तिथं नव्हतं."

ते पडद्याकडे वळले. मग नकाशावर एखादी चुकलेली रेघ दिसल्यासारखे पुढं झुकले. "आवाज का पुढं पळतोय? आई आधी बोलते, तोंड नंतर हलतं. नीट कर आधी ते."

भांडण असो वा नसो, बिघाड दिसला की या माणसाला चैन पडत नाही. मी एकेक खूण काढत बसण्यापेक्षा सगळंच 'मूळ स्थितीत आणा' वर नेलं. अखंडनं विचारलं, गोंगाट साफ करणंही बंद होईल, चालेल? चालेल म्हटलं.

पुन्हा लावलं. आवाज जागेवर आला, आणि त्याबरोबर सगळं घर आलं. भांडी, पोरांची रडारड, पंख्याची घरघर, कोणीतरी 'अत्तर कुठाय, अत्तर' म्हणत होतं. पडद्यावर चौकोन नाचत होते.

"नीरजा लिही रे," सासूबाई म्हणाल्या.

तांदळाची खरखर. मग एकदम शांत. आणि त्या शांततेत, अगदी खालच्या पट्टीत, गुरुजींचा आवाज. "अहो जावई... आपलं, नवरदेव, हा शहामृगाचा श झाला. पोटफोड्या ष हवा तिथं."

कोणीतरी फिसकन हसलं. बांगड्या जोरात वाजल्या. पाट सरकला. पावलं आत गेली.

निरंजननी बोट उचललं. "मागं घे."

मी घेतलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा एकदा. मांडीवर त्यांचं बोट फिरत होतं. नी. र. जा.

"नीरजात ष कुठाय?" ते म्हणाले.

ष चुकल्याचं मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या आठवणीत त्या ताटातलं नाव शुद्ध होतं, अगदी अखंडनं काढून दाखवलं होतं तसंच. त्यांनी माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत माझ्या डोक्यानं तो ष कधी दुरुस्त करून टाकला, मला पत्ता नाही. मी सर्वांवर संशय घेतला, एक सोडून.

"वृ-शा-ली," ते सावकाश म्हणाले. "शहामृगाचा. गावांची नावं लिहून लिहून माझी बोटं झिजली, आणि बायकोचं चुकलो होय?" मग चेहरा उतरला. "त्या बांगड्या आईच्या ना?"

"हो."

"हसली नाही ती."

"नाही."

ते पडद्यावरच्या हिरवट पट्ट्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील ते हसणारं परत लाव. म्हणाले असते तर मी लावलंही असतं, खरं सांगते. माझा हात माउसवरच होता.

"राहू दे असंच," ते म्हणाले. "रागावली तर रागावली. ती तशीच होती ना?"

"अगदी तशीच होत्या."

"आणि मी तिच्यासमोर... मला खरंच काही आठवत नाही गं. पण बरं केलं मी." त्यांनी डोळे पुसले, टॉवेल हाताशी होताच. मग जरा थांबून माझ्याकडे वळले. "पुढं काय झालं? गुरुजींनी सांगितल्यावर मी तो ष दुरुस्त केला का तसाच ठेवला?"

मी आठवायला गेले. तांदूळ होते, त्यांचा हात होता, पलीकडून उलटी दिसणारी अक्षरं होती. त्यापुढं काहीच नाही. मनात लगेच एक छानसं चित्र तयार व्हायला लागलं, तसं मी ते थांबवलं.

"नाही आठवत," मी म्हटलं.

"असं?" किती महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत तो जुना वात्रटपणा आला. "मग पुढच्या खेपेला तांबोळीबाईंना तुलाही दाखवू या, वृषाली."